टेपवर बेंजो भरायचा तर आधी मशीन तपासा

महोदय,

गणपती जवळ आले की मुंबई-कोकणातली बेंजो पथके रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ शोधू लागतात. त्यात हल्ली ‘डिजिटल नको, टेपवर करा, आवाज भरदार येतो’ हा सल्ला जोरात आहे. सल्ला चुकीचा नाही, पण आवाज भरदार येतो तो देखभाल झालेल्या मशीनवर. रीळ फिरताना दिसले म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

स्टुडिओ ठरवण्याआधी एवढेच विचारावे: मशीनचे अलाइनमेंट (हेडचा कोन आणि पातळ्यांची जुळणी) कधी केले आणि कोणत्या टेपसाठी? ‘मशीन एकदम ओके आहे’ असे उत्तर आले तर दुसरीकडे बघावे. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी हेड (टेपवर आवाज भरणारा आणि वाचणारा भाग) आणि गाइड (टेपला वाटेवर ठेवणारे खुंट) 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे असतात. टेप दाबून पुढे ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला ते लावू नये. रबर कडक होते आणि टेप घसरू लागते. मग मशीन बंद ठेवून डीमॅग्नेटायझर (साठलेले चुंबकत्व काढणारे साधन) फिरवायचा. तो हेडजवळ असतानाच बंद केला तर चुंबकत्व जाण्याऐवजी हेडमध्ये भरून राहते, म्हणून हातभर लांब नेऊनच बटण बंद करावे. पुढे टेस्ट टेप लावून अ‍ॅझिमथ (हेडचा टेपशी कोन) आणि प्लेबॅकची पातळी जुळवायची, शेवटी बायस (भरताना आवाजात मिसळलेला, ऐकू न येणारा उच्च कंपनांचा प्रवाह). बायस वाढवत नेला की 10 किलोहर्ट्झची पातळी चढते आणि मग उतरू लागते. किती डेसिबल उतरू द्यायची ते टेप बनवणाऱ्याने सांगितलेले असते. बायस कमी पडला तर आवाज फाटतो, जास्त झाला तर वरचे सूर मरतात. या कामाच्या वेळाचे भाडे कोणाच्या माथी, हे आधीच ठरवून घ्यावे. वाद तिथेच होतात.

आपला बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. 1912 साली जपानमध्ये निघालेल्या ताइशोगोतोच्या कुळातले हे बुलबुल तरंग. त्याचा पिकअप थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला की तिथल्या 10 किलोओहमच्या भाराने वरचे सूर दबतात. मग मिक्सरवर ट्रेबल चढवतात, त्याबरोबर सगळी खरखर चढते आणि खापर टेपवर फुटते. मध्ये 1 मेगाओहमचा डीआय बॉक्स (पिकअपवर भार न टाकता त्याला मिक्सरशी जोडणारी डबी) ठेवला की हे टळते. अ‍ॅम्पला वेगळा माइक द्यावा, पण अ‍ॅम्प वादकापासून लांब ठेवावा, नाहीतर बटणांची खटखट ठेक्यात मिसळते.

सगळ्यात जास्त घोळ ताशावर होतो. काडीचा टणत्कार काही मिलिसेकंदांचा, आणि आवाजाची सरासरी पातळी दाखवणाऱ्या व्हीयू मीटरच्या काट्याला वर यायला 300 मिलिसेकंद लागतात. काटा निवांत दिसतो तेव्हा टेपची आवाज झेलण्याची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. परिणाम असा की ‘टण’चे ‘थप’ होते, आणि ते नंतर कशानेही परत येत नाही. ताशा मीटरवर सरासरी उणे 10 च्या आसपासच ठेवावा, माइक मीटरभर दूर. ढोलाला एवढी काळजी लागत नाही. तो थोडा चढवला तर टेप त्याला उलट गोलाई देते. टेपचा खरा फायदा दिसतो तो इथे.

टॅसकॅम 38 सारख्या अर्धा इंची, आठ ट्रॅकच्या मशीनवर कडेचे 1 आणि 8 हे ट्रॅक कमी भरवशाचे, कारण टेपची कड आधी खराब होते. तिथे खोलीचे माइक द्यावेत आणि मुख्य वाद्ये आत घ्यावीत. ताशा आणि गाणे शेजारी ठेवू नये, एकाचा आवाज दुसऱ्यात झिरपतो. काही ठिकाणी टेपची सूं-सूं घालवायला डीबीएक्स ही यंत्रणा लावतात. ते आवाज दाबून भरते आणि वाजवताना दुपटीने उघडते, त्यामुळे टेपवरची 1 डेसिबलची चूक 2 ची होते. ढोल-ताशा चालू असताना सूं ऐकायला कोण बसले आहे? ते बंदच ठेवावे.

साडेदहा इंची रिळात 2500 फूट टेप बसते. सेकंदाला 15 इंच वेगाने ती 33 मिनिटांत संपते. पाच मिनिटांची चाल असेल तर सहा टेक, बस्स. नवी टेप बाहेरून मागवावी लागते आणि स्वस्त नसते. तेव्हा तालीम मंडळातच पक्की करून यावी आणि सगळ्यांनी एकत्र वाजवावे. एकेकाने वेगवेगळे भरायचे असेल तर टेपचा अट्टहास कशाला? ते काम संगणकावर जास्त चांगले होते.

रिळाच्या सुरुवातीला 1 किलोहर्ट्झ, 10 किलोहर्ट्झ आणि 100 हर्ट्झचे टोन अर्धा-अर्धा मिनिट भरून घ्यावेत. डब्यावर वेग, आयईसी की एनएबी (टेपवर सूर भरण्याची दोन वेगळी मानके), संदर्भ पातळी (मीटरच्या शून्याला टेपवर किती आवाज) आणि तारीख लिहावी. एवढे असले की उद्या दुसऱ्या मशीनवरही रीळ नीट वाजते. रिवाइंड न करता, टेपचे शेवटचे टोक बाहेर ठेवूनच ते डब्यात घालावे. टेपच्या एका थरातून शेजारच्या थरावर उमटणारा पुसट आवाज मग चालीच्या आधी न येता मागून येतो. रिळाची किंमत पथकाने दिली असेल तर डबा त्याच दिवशी घरी न्यावा. स्टुडिओत राहिलेले रीळ बहुधा पुढच्या पथकासाठी पुसले जाते.

— तीन ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ, परळ, मुंबई