रिकाम्या टाकीचे सहा आठवडे

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कुत्र्यापासून सुरुवात करून, मांजरावरून, शेवटी तू "निदान गोल भांड्यात एक गोल्डफिश तरी, त्याला काहीच लागत नाही" इथवर आलीस. माझा नकार या "काहीच लागत नाही"ला आहे. कुत्रा भुकेला झाला की भुंकतो, मांजर पायांत घुटमळतं. माशाला सांगता येत नाही. त्याचं बिनसलंय हे आपल्याला दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. म्हणून मासा पाळायचा तर आधी पाणी ओळखायला शिकावं लागतं.

गोल भांडं मी घेऊ देणार नाही. त्यात पाणी थोडं आणि तोंड अरुंद, त्यामुळे हवेतला प्राणवायू पाण्यात कमी मिसळतो. गोल्डफिशही नको. दुकानात बोटाएवढा दिसतो, पण नीट ठेवला तर वीतभर होतो, दहा वर्षांहून जास्त जगू शकतो आणि घाणही खूप करतो. त्याऐवजी गप्पी घेऊ, तेही फक्त नर. मादी एकदा नराबरोबर राहिली की पुढे कित्येक महिने एकटीसुद्धा पिल्लं देत राहते, आणि ती ठेवायची कुठे हा प्रश्न पडतो. नदी-तळ्यात सोडणं हे त्याचं उत्तर नाही. तिथल्या माशांना त्यांचा त्रास होतो.

टाकी ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच घेऊ. खडी घालून, वर थोडी जागा सोडून तिच्यात ५० ते ५५ लिटर पाणी मावतं. पाणी, खडी, काच धरून वजन पाऊणशे किलोच्या आसपास जातं, त्यामुळे तुझ्या अभ्यासाच्या टेबलाचा विचार सोड. पक्कं, सपाट लाकडी कपाट हवं. काचेखाली थर्माकोलचा पातळ तुकडा घालायचा, नाहीतर एखादा खडासुद्धा तळाला तडा पाडतो. खिडकीजवळ नको, उन्हाने पाणी तापतं आणि शेवाळ माजतं.

आता मुख्य गोष्ट. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो, उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. तो विषारी आहे. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात मासा सहन करतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर आणि खडीवर वाढतात, पण सावकाश, चार ते सहा आठवडे घेऊन. लोक टाकी आणतात त्याच दिवशी मासे सोडतात आणि दहा दिवसांत एकेक मासा मरायला लागतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं, म्हणून कारण कोणालाच कळत नाही.

म्हणून पहिले सहा आठवडे टाकी रिकामी, म्हणजे माशांविना, चालेल. खडी धुऊन ३ ते ४ सेंटीमीटरचा थर दे. नळाचं पाणी भरून क्लोरीन घालवणारं औषध बाटलीवरच्या मापाने टाक. एअर पंपावरचा स्पंज फिल्टर चोवीस तास चालू राहील, हीटर २५ अंशांवर. रोज माशांच्या खाद्याची एक छोटी चिमूट टाकायची, मासा नसला तरी. ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळेल. एक दिवसाआड तपासणी किटने अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट बघून वहीत लिही. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल. हा मधला टप्पा सर्वांत लांबतो आणि कंटाळा इथेच येतो. चिमूट चालू असतानाही पहिले दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य राहिले की टाकी तयार. मग निम्मं पाणी बदलू आणि सहा नर गप्पी आणू. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, टाकीतलं पाणी तिच्यात थोडं थोडं घालायचं, मग जाळीने मासे उचलायचे. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

मला पटवायचं असेल तर ती वही भर. एखादी नोंद राहिली तर चालेल, पण अंदाजाने आकडा लिहू नकोस. जागा कोरी सोड.

मासे आल्यावर सर्वांत मोठा धोका प्रेमाचाच असतो, म्हणजे जास्त खाऊ घालण्याचा. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा, आठवड्यातून एक दिवस उपास. ते काचेपाशी येऊन तोंड उघडतील, तेवढ्यावरून भूक धरायची नाही. दर रविवारी साधारण १२ लिटर पाणी नळीने खडीतला गाळ ओढत काढायचं आणि तेवढंच, त्याच तापमानाचं, औषध घातलेलं भरायचं. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही. स्पंज मळला तर तो त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धुतलास तर क्लोरीनने जिवाणू मरून सहा आठवड्यांची मेहनत जाईल. टाकीत घालायच्या हातांना साबण लागलेला नको. मासे वर येऊन धापा टाकत असतील तर आधी पाणी तपास, रोगाच्या औषधाची बाटली नंतर.

विजेचं काम माझं. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवीन, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येतं. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं, त्याची गरम काच उघडी पडली की तडकते. आणि बादली अर्धीच भर, पूर्ण भरलेली तुला झेपणार नाही.

टाकी आली की आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ती त्यावर ठेवू, काठोकाठ भरू आणि चोवीस तास तशीच सोडू. सकाळी कागदावर ओल उमटली आहे का, ते चारही कोपऱ्यांत तू बोट लावून बघ.

तुझी,
आई