टीव्हीच्या जाहिरातीत इंचाशेजारी पिक्सेलपण छापा

मा. संपादक, नमस्कार.

दसरा-दिवाळी आली की तुमच्या पेपरात टीव्हीच्या पानपानभर जाहिराती येतात, इंच आणि ईएमआय ठळक असतात पण पडद्यावर पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, किती ते कुठंच नसतं, म्हणून हे पत्र.

मागच्या दिवाळीला आईबाबांसाठी ३२ इंची टीव्ही घेतला. फुल एचडीच हवा असं सांगितलं होतं, दुकानदार म्हणाला "हा फुल एचडीच, फोर के पण चालतं", पैसेही तसेच घेतले. घरी खोका वाचला तर एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. गुणाकार करून बघा, एकात साधारण साडेदहा लाख ठिपके आणि दुसऱ्यात पावणेएकवीस लाख, जवळपास दुप्पट! फोर केचे तर ८३ लाखाच्या घरात जातात. मग "फोर के चालतं" म्हणजे काय, तर तो व्हिडिओ लागतो, पण दिसतो शेवटी त्या साडेदहा लाखातच.

एचडी रेडी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. ३२ इंचीवर आठ-दहा फुटांवरून फारसा फरक जाणवत नाही. पण निवड माझी असायला हवी होती ना.

दुसरी गोष्ट तर कुणीच सांगत नाही. नवीन टीव्हीवर क्रिकेटचा स्कोअर पुसट दिसायचा, बाबांना वाटलं नजर कमी झाली, चष्म्याचा नंबरसुद्धा तपासून आले बिचारे. नजर ठीकच होती. सेट टॉप बॉक्स जुना एसडी, म्हणजे एचडीच्या आधीचा साध्या दर्जाचा, त्याचं चित्र ७२० बाय ५७६ म्हणजे चार लाख ठिपके, तेच ताणून मोठ्या पडद्यावर पसरायचं, आणि वर जोडलेली लाल-पांढरी-पिवळी वायर, तिच्यातून एचडी जातच नाही. एचडी बॉक्स, एचडीएमआय वायर आणि पॅकमध्ये एचडी चॅनेल, तिन्ही पाहिजेत, एक जरी नसलं तरी चित्र एसडीच. हे सगळं बदलल्यावर बाबा आता लांबूनच स्कोअर वाचतात.

टीव्ही बसवायला आलेल्या माणसाला हे माहीत नसेल का? दोन मिनिटांचं काम होतं.

तुम्हाला विनंती एवढीच की जाहिरात घेताना इंचाच्या शेजारी आडवे किती, उभे किती हे दोन आकडे तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापायला लावा.

आपला नेहमीचा वाचक,
सांगली