जुनी बॅटरी दुकानदाराला देऊन टाक

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

दोन बॅटऱ्यांचा, म्हणजे 24 व्होल्टचा इन्व्हर्टर घेतलास ते बरं केलंस. पण इलेक्ट्रिशियन म्हणतो तसं तीन वर्षांची जुनी बॅटरी ठेवून तिला एक नवी जोडायची, हे मुळीच करू नकोस. दोन्हींवर 150 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते) छापलेलं असलं तरी जुनीत आता तेवढा दम नाही. सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी जोडली की, दोघींतून करंट सारखाच जातो. वीज गेली की जुनी आधी संपते आणि नवीत चार्ज असूनही इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो. चार्जिंगलाही जुनी आधी भरते, तिचं पाणी आटत राहतं आणि नवी अर्धपोटी राहते. जुनी मोडीत दे, बिलातून तेवढे पैसे वजा होतात. नव्या दोन्ही ट्यूबलर (आत नळीसारख्या प्लेट असलेल्या), एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यात बनलेल्या घे.

दोन खरंच लागतात का? तीन पंखे 210 वॅट, सहा एलईडी 54, लॅपटॉप 60, राउटर 10, झाले 334. एका 12 व्होल्टच्या बॅटरीवर हा लोड साधारण 35 अँपिअर ओढतो. 150 एएच हा आकडा मात्र 20 तासांत सावकाश, म्हणजे 7.5 अँपिअरने रिकामी केली तरचा. 35 ने ओढलीस तर कशीबशी तीन तास पुरेल, तीही पार निचरून. दोन असल्या की चार तासांनंतरही बरंच शिल्लक राहतं, आणि बॅटरीचं आयुष्य बरंचसं त्यावरच ठरतं.

जोडताना तू समोर उभी राहा. इन्व्हर्टर बंद, प्लग काढलेला, हातात अंगठी-बांगडी नको, पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी. आधी एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. ही तार तांब्याची, 16 चौ. मिमी, इन्व्हर्टरच्या तारांपेक्षा बारीक नको. मग मोकळ्या राहिलेल्या दोन टोकांवर मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावायला सांग. 25 च्या आसपास दिसलं तर ठीक, 12.5 किंवा शून्य दिसलं तर जोडणी चुकली, पुढे जाऊ देऊ नकोस. नंतर लाल तार प्लसला, काळी शेवटी मायनसला. काळी टेकवताना बारीक ठिणगी उडेल, ती इन्व्हर्टरच्या आतला कपॅसिटर (थोडा चार्ज साठवणारा भाग) भरल्याची. लाल-काळी उलट झाली तर मात्र फ्यूज जातो, कधी आतले मॉसफेटही (करंट चालू-बंद करणारे भाग). नट घट्ट हवेत. सैल लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) तापून टर्मिनल वितळवतो. वरून व्हॅसलिन.

इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूचं बटण ‘ट्यूबलर’वर आहे ना, ते बघ आणि पहिल्यांदा सलग 10-12 तास चार्ज होऊ दे.

बॅटऱ्या बाल्कनीलगत ठेव, बंद कपाटात नको. चार्जिंगला हायड्रोजन निघतो. दर दोन महिन्यांनी फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी खूण) बघ. खाली गेला तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आरओचं नाही आणि अॅसिड तर नाहीच.

विकत घेण्याआधी दोन्हींवरच्या तारखेच्या शिक्क्याचे फोटो पाठव.

तुझा,
बाबा