‘कॅलिपरच कशावरून?’ असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून नुसतं ‘काका’. तोंडी आभार मानले की तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलता. जाहीर पत्राला तसं करता येणार नाही.

मागचं डावं चाक तापत होतं आणि गाडी ढकलायला जड जात होती. नवा कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग) मागवतो म्हटल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, ‘कॅलिपरच कशावरून?’ खरे आभार या प्रश्नाचे आहेत.

पुढच्या चाकांना दगड लावून, जॅकखेरीज स्टँडचाही आधार देऊन मागचं चाक उचललं. हाताने ते फिरेना. तुम्ही आधी हँडब्रेकची केबल सोडवायला लावलीत. फरक नाही. मग ब्लीड निपल, म्हणजे कॅलिपरमधलं तेल आणि हवा बाहेर काढायचं छोटं तोंड, किंचित उघडायला सांगितलंत. तेवढ्याने चाक सुटलं असतं, तर संशय कॅलिपरला तेल पोचवणाऱ्या रबरी होजवर (नळीवर) गेला असता. आतून बंद होत आलेला होज पेडल दाबल्यावर तेल पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. चाक घट्टच राहिलं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना मोकळ्या निघाल्या. कॅलिपरवरची हँडब्रेकची लिव्हर मात्र केबल काढूनही जागेवर परतत नव्हती. तेव्हा कुठे तुम्ही म्हणालात, ‘हां, आता मागव.’

एवढं तपासायला फार वेळ लागत नाही, तरी बहुतेक ठिकाणी ते कुणी करत नाही. आधी पॅड बदलतात, मग डिस्क, मग जे उरलं असेल ते.

बसवण्याचं काम त्यामानाने सरळ होतं. होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वॉशर, पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस (साध्या ग्रीसने रबर फुगतं), आणि रंगावर ब्रेक ऑइलचा थेंब पडला की लगेच पाणी. निपल वरच्या अंगाला आला ना, हे तुम्ही दोनदा पाहिलंत. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली तर निपल खाली येतो, हवा वर अडकून राहते आणि कितीही एअर काढली तरी पेडल मऊच लागतं.

पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, म्हणून उजवीकडचाही कॅलिपर उघडला. तिथला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) क्लॅम्पने दाबायचा नाही, फिरवत आत न्यायचा. हँडब्रेकची आपोआप जुळणारी यंत्रणा त्याच्या आतच असते, नुसत्या दाबाने ती मोडते. हे कारण तुम्ही सांगितलंत म्हणून लक्षात राहिलं. नुसतं ‘दाबू नकोस’ म्हटलं असतंत, तर पुढच्या वेळेपर्यंत विसरलो असतो.

शेवटी पेडल कडक होईपर्यंत मारून मगच गाडी हलवू दिलीत. आता दोन्ही मागची चाकं हाताला सारखीच कोमट लागतात.

पिस्टन फिरवायचं तुमचं अवजार अजून माझ्याकडेच आहे. रविवारी पुसून आणून देतो.

तुमचा,
शेजारच्या पार्किंगमधला