न मागितलेल्या पावाचे बिल

महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीतील पोर्तुगालवरील लेखात तेथील जेवणाची केलेली तारीफ रास्तच आहे. मात्र 'कुव्हेर'चा, म्हणजे जेवणाआधी न मागताच पुढ्यात येणाऱ्या पदार्थांचा, उल्लेख त्यात राहून गेला. लिस्बनच्या अल्फामा भागातील एका जुन्या 'ताश्का'त, म्हणजे आपल्या खानावळीशी नाते सांगणाऱ्या ठिकाणी, आम्ही दोघे पाऊण तास रांगेत उभे राहून कसेबसे टेकतो न टेकतो तोच वेटरने पाव, ऑलिव्ह आणि चीज पुढ्यात आणून ठेवले. पाहुणचार समजून आम्ही ते फस्त केले आणि शेवटी त्याने टेबलावरच्या कागदी आच्छादनावरच पेनाने मांडलेल्या हिशेबात प्रत्येक जिन्नस वेगळा लावलेला दिसला. वास्तविक न मागितलेल्या पदार्थांचे पैसे आकारू नयेत, असे तेथील २०१५ चा कायदा सांगतो. पण खाल्ले की वाद घालणे अवघड. नको असल्यास ताटली हात न लावता परत करावी, कोणी मनाला लावून घेत नाही.

बाकी जेवणाला तोड नव्हती. पाणी बदलत दिवसभर किंवा त्याहून अधिक भिजवलेल्या खाऱ्या कॉड माशाचे धागे सुटे करून ते कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे आणि अंड्यात परततात. वर काळी ऑलिव्ह. मेनूवर 'बताता' वाचून सौभाग्यवती चमकल्या, कारण आपला बटाटा त्याच शब्दातून आला आहे. हो, 'मेया दोझ' म्हणजे अर्धी प्लेट मागावी. ती एकाला पुरून उरते.

– एक वाचक, पुणे