चीनची बातमी आणि वर्गातला फळा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पत्रकार चीनविषयी वार्तांकन कसे करतात, या विषयावर शिक्षकांसाठी भरवलेल्या एका कार्यशाळेला मी नुकतीच उपस्थित होते. अशा कार्यशाळा शिक्षक-प्रशिक्षणाचा नियमित भाग व्हाव्यात आणि या कामात वृत्तपत्रांनीही हातभार लावावा, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. चीनमधली बातमी कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत येते, ती वाट कुठे अडवली जाते आणि अडवली गेल्यावर बातमीदार काय करतो, या प्रश्नांभोवती ती कार्यशाळा बेतलेली होती. शेजारच्या एवढ्या मोठ्या देशाबद्दल मुले जे काही जाणतात ते बहुतांशी बातम्यांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून आलेले असते. म्हणून ही वाट शिक्षकाला ठाऊक असणे मला फार गरजेचे वाटते.

चीनमध्ये राहून काम करणाऱ्या परदेशी बातमीदाराला तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचे ओळखपत्र लागते आणि त्याचे त्या देशातले वास्तव्य त्यावर अवलंबून असते. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या निमित्ताने नियम सैल झाले आणि मुलाखत देणाऱ्याची संमती असेल तर स्थानिक प्रशासनाच्या परवानगीची अट उरली नाही. तिबेट स्वायत्त प्रदेशात जाण्यासाठी मात्र वेगळी परवानगी घ्यावीच लागते. याहून महत्त्वाचा नियम आपल्या वाचकांना सहसा माहीत नसतो. चिनी नागरिकाला परदेशी वृत्तपत्राचा अधिकृत बातमीदार होता येत नाही, तो केवळ वृत्तसहायक म्हणून काम करू शकतो. माणसे शोधणे, त्यांना बोलते करणे, सरकारी कागद वाचणे, ही कामे तो करतो आणि परदेशी पत्रकारासारखा देश सोडून जाण्याचा मार्ग त्याला नसतो. ब्लूमबर्ग या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या बीजिंग कार्यालयातील चिनी कर्मचारी हेझ फॅन यांना डिसेंबर २०२० मध्ये ताब्यात घेण्यात आले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या जामिनावर सुटल्या.

त्यातच बातमीदारांची संख्याही रोडावली आहे. मार्च २०२० मध्ये चीनने तीन मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रांच्या पत्रकारांना देशाबाहेर काढले. त्याआधी अमेरिकेने चिनी सरकारी माध्यमांच्या तिथल्या कर्मचाऱ्यांवर संख्येची मर्यादा घातली होती. एप्रिल २०२३ मध्ये, भारताने चिनी पत्रकारांना दिलेल्या वागणुकीकडे बोट दाखवत, चीनने मायदेशी आलेल्या दोन भारतीय पत्रकारांना परतू दिले नाही. परिणामी चीनविषयीच्या कितीतरी बातम्या आज तैपेई, सोल किंवा सिंगापूर येथे बसून लिहिल्या जातात. त्या खोट्या असतात असे मुळीच नाही, पण बातमीदार कुठे उभा होता हे वाचकाला कळायला हवे.

दुरून केलेली बातमीदारीही किती कसदार असू शकते, याचे उदाहरण चीनमध्ये बातमीदारी केलेल्या मेघा राजगोपालन यांच्या कामात दिसते. २०१८ मध्ये चीनने त्यांना पुन्हा व्हिसा दिला नाही. पुढे वास्तुविशारद अ‍ॅलिसन किलिंग आणि संगणकतज्ज्ञ क्रिस्टो बुशेक यांच्यासह त्यांनी बझफीड न्यूज या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळासाठी शिनजियांग या चीनच्या वायव्येकडील प्रदेशात उइगर आणि इतर मुस्लिमांना डांबलेल्या बंदिस्थळांचा शोध घेतला. बायडू या चिनी कंपनीच्या नकाशावर काही ठिकाणे मोठी करून पाहू गेल्यास चित्राऐवजी कोरे चौकोन दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले. लपवण्यासाठी कोरी ठेवलेली जागाच मग त्यांचा पुरावा झाली. असे लाखो चौकोन होते. त्यांतून गावे, रस्ते आणि लोहमार्ग यांच्या जवळचे वेगळे काढून त्यांनी ते इतर उपग्रहांच्या छायाचित्रांशी ताडून पाहिले, भिंती आणि टेहळणीचे मनोरे ओळखले, आणि कझाकस्तानात पोहोचलेल्या माजी बंदिवानांच्या साक्षींशी सारे जुळवले. २०१७ पासून उभारलेली २६० हून अधिक बांधकामे त्यांनी दाखवून दिली आणि २०२१ मध्ये या कामाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ही व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रे होती, असे चीन सरकारचे म्हणणे आहे आणि तेही वर्गात सांगितले पाहिजे. दावा, त्यावरचा खुलासा आणि पडताळणीची रीत या तिन्ही गोष्टी समोर ठेवल्या, तर चौदा-पंधरा वर्षांची मुलेही पुरावा म्हणजे काय यावर स्वतः विचार करू लागतात.

याच्या अगदी उलट प्रकार सप्टेंबर २०२२ मध्ये घडला. समरकंदच्या शिखर परिषदेहून परतलेले शी जिनपिंग काही दिवस जाहीरपणे दिसले नाहीत, एवढ्या आधारावर बीजिंगमध्ये लष्करी उठाव झाल्याची आणि ते नजरकैदेत असल्याची अफवा पसरली. विमानांची उड्डाणे रद्द झाली हाही पुरावा मानला गेला. करोनाच्या निर्बंधांमुळे चीनमध्ये त्या काळात उड्डाणे सर्रास रद्द होत होती आणि परदेशातून परतणाऱ्यांना विलगीकरणात राहावे लागत होते, हे विचारात घेण्याची तसदी कोणी घेतली नाही. आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी प्रश्नचिन्हाचा आडोसा घेत ही अफवा दिवसभर चालवली. २७ सप्टेंबरला शी बीजिंगमधील एका प्रदर्शनात दिसले आणि विषय संपला, पण आमची चूक झाली असे ठळकपणे सांगणारे क्वचितच कोणी आढळले. मुलांच्या मनावर मात्र ती अफवा तशीच उमटून राहते.

कार्यशाळेत एक बाजू अपुरी राहिली आणि ती मला खटकली. चिनी पत्रकारांविषयी फारच थोडे बोलले गेले. २००३ मध्ये ग्वांगजौ येथे सुन झिगांग हा २७ वर्षांचा तरुण, निवासाचा परवाना जवळ नसल्याने पकडला गेला आणि कोठडीतील मारहाणीत मरण पावला. तिथल्याच ‘सदर्न मेट्रोपोलिस डेली’ या दैनिकाने ते प्रकरण उजेडात आणले आणि काही आठवड्यांतच चीन सरकारला स्थलांतरितांना डांबून ठेवण्याची ती पद्धत रद्द करावी लागली. पुढच्या वर्षी त्या दैनिकाच्या महाव्यवस्थापकाला भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली तुरुंगवास झाला. गलवान खोऱ्यातील संघर्षात आपले २० जवान हुतात्मा झाले. चीनने मात्र आपले चार सैनिक मरण पावल्याचे तब्बल आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले. त्या आकड्याबद्दल शंका व्यक्त करणाऱ्या छिउ झिमिंग या माजी शोधपत्रकाराला आठ महिन्यांची कैद भोगावी लागली. चीनमधील सगळे पत्रकार सरकारचे भाट असतात, असे मुलांच्या मनात पक्के बसू द्यायचे नसेल, तर ही माणसे त्यांना भेटलीच पाहिजेत.

शिक्षण विभागाने आणि प्रशिक्षण संस्थांनी याचा विचार करावाच, पण आपल्याकडेही माझे मागणे आहे. चीनविषयीच्या बातमीवर ती कुठून पाठवली गेली ते ठिकाण आणि मूळ वृत्तसंस्थेचे नाव न चुकता छापावे. केवळ ‘वृत्तसंस्था’ एवढ्यावर भागवू नये. एखाद्या दाव्याची स्वतंत्र पडताळणी झालेली नसेल, तर ते वाक्य बातमीच्या शेवटी न ढकलता पहिल्याच परिच्छेदात द्यावे, कारण जागेअभावी बातमी कापली जाते तेव्हा आधी शेवट जातो. आणि महिन्यातून एकदा आपल्या एखाद्या वरिष्ठ उपसंपादकाने शिक्षकांसाठी चार-पाचशे शब्दांत लिहावे, की त्या महिन्यातील चीनविषयीची एक बातमी कार्यालयात कशी आली, तिच्यातले काय तपासले, काय गाळले आणि का. ते कात्रण मी आणि माझे सहकारी नक्की वर्गात नेऊ.

आपली नम्र,
इतिहास व नागरिकशास्त्राची एक शिक्षिका