रद्दी ओली करू नका, प्लीज

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. कागदाचा विषय निघाला की 'झाडं वाचवा' एवढंच बोललं जातं, ऑफिसच्या ईमेलखाली पण तेच लिहिलेलं, पण आपल्या देशात जो कागद-पुठ्ठा तयार होतो त्यातला साधारण 70 टक्के रद्दीपासून होतो हे फारसं कुणी सांगतच नाही. तामिळनाडूची टीएनपीएल ही कागद कंपनी उसाच्या चिपाडापासूनही कागद काढते, आणि लाकूड लागतं ते पण 1988 च्या वन धोरणानंतर जास्त करून शेतकऱ्यांनी लावलेलं निलगिरी नि सुबाभूळच असतं. मिलवाल्यांना खरी टंचाई आहे ती स्वच्छ रद्दीची. इथली पुरत नाही म्हणून परदेशातून कंटेनर भरून रद्दी येते आणि आपण मात्र चांगला पुठ्ठा आमटी-भाताच्या खरकट्याच्या डब्यात कोंबतो!

एकदा तेल, खरकटं लागलं की तो कागद लगद्याच्या कामाचा राहत नाही. कागदातला तंतू जेमतेम 5 ते 7 वेळा वापरता येतो, दर फेरीत तो आखूड होत जातो, म्हणून तो पहिल्याच फेरीत कचऱ्यात गेला की फार वाईट वाटतं. चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तो साध्या मिलमध्ये सुटत नाही. लग्नपत्रिकांचं तर काय सांगू, लॅमिनेशन काय, सोनेरी फॉइल काय, एवढा जाड भारी कागद असून रद्दीवाला बाजूला काढतो.

कचरा वेगळा करायचा नियम 2016 पासून आहे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारोदार येऊन सुका कचरा हाताने निवडतात, त्यांच्या जिवावर कितीतरी कागद परत मिलपर्यंत पोचतो, पण आपण सगळं एकत्र करून दिलं तर त्यांनी तरी काय करायचं, आणि ओल्या कागदाला भाव कोण देणार? त्यांची रोजची कमाई जाते हो यात.

माझी विनंती एवढीच आहे की तुमच्या पेपरात आठवड्यातून एकदा छोटी चौकट द्या, कुठला कागद रद्दीत चालतो नि कुठला नाही, पार्सलच्या खोक्याची टेप काढायची का, पिझ्झाचा डबा कुठे टाकायचा, असलं साधंसुधं. आणि महापालिकेने सोसायट्यांमध्ये कागदासाठी वेगळा, झाकणाचा डबा सक्तीचा करावा, पावसाळ्याआधीच करावा.

आपला नियमित वाचक,
पुणे